शेजारणीचा शब्द

जयवंतीला मंडई बघायला नेणार ही बातमी तिच्या आधी शेजारच्या फ्लॅटातल्या बाईला कळली. सून संजना या गॅलरीतून त्या गॅलरीत सांगत होती, “आज आमच्या आईंना त्यांचं मार्केट दाखवायला नेतोय. नवीन केलंय ना, एकदम मस्त झालंय म्हणे. रील बघितली मी.” आत पलंगाच्या काठावर बसून जयवंती गुडघ्याला तेल चोळत होती. जिथं सारा जन्म बूड टेकून बसली, ती जागा आता तिला कुणीतरी दाखवणार होतं. म्हातारीला तिचंच माहेर दाखवायला न्यावं, तसंच हे.

जयवंती म्हणजे निर्मळच्या हरेश्वरची बायको. नवरा जाऊन जमाना झाला, पण गावात बाईची ओळख अजून तशीच देतात. माहेर खाडीकाठचं, भातशेतीचं. लग्न होऊन आली ती वाडीत, केळीच्या पानाला पान लागलेल्या सावलीत. पहिल्याच आठवड्यात सासूनं तिच्या डोक्यावर केळ्यांची पाटी दिली, वसईच्या मंडईत आणलं आणि काळ्या दगडाच्या एका ओट्याकडं बोट करून सांगितलं, “घराची वाट चुकलीस तरी चालंल. ह्यो ओटा चुकू नको.”

ती मंडई इंग्रजांच्या काळात कुणा शेठनं बांधून दिलेली. बिडाचे खांब, उंच कौलारू छप्पर आणि खाली दोन रांगांनी दगडी ओटे. मागच्या अंगाला मासळी, पलीकडं मटण, मधल्या चौकात भाजी, केळी, फुलं. छप्पर इतकं उंच की भर उन्हाळ्यात पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकत नसे. ओटा कुणाच्याच नावावर नव्हता. सासूच्या बुडाखालून सुनेच्या बुडाखाली, आईच्या बुडाखालून लेकीच्या, असा तो चालत आला होता.

आणि त्या मंडईचा एक कायदा होता. लिहिलेला नव्हता म्हणून मोडतही नव्हता. ओटा उघडा पडू द्यायचा नाही. बाई आजारी असो, बाळंत असो, तिच्या घरात मयत असो, ओट्यावर माणूस दिसलं पाहिजे. नाहीतर सकाळी जी पहिली येऊन त्यावर भवानी करील, तिचा तो ओटा. म्हणून जिला यायला जमणार नाही तिचा ओटा शेजारीण राखायची. राखायची रीतही ठरलेली. शेजारणीनं आपल्या स्वतःच्या ओट्यावर रिकामी पाटी पालथी घालायची आणि उठून गैरहजर बाईच्या ओट्यावर जाऊन बसायचं. परका माणूस बघून चक्रावायचा. आपली जागा सोडून दुसरीच्या जागेवर कशाला जाते ही? पण त्यात अक्कल होती. जी हजर आहे तिची जागा कोण खाणार? तिला पालथी पाटी पुरे. जी हजर नाही, तिच्या जागेला जितंजागतं माणूस लागतं.

जयवंतीच्या शेजारचा ओटा इझाबेलचा. निर्मळच्याच ख्रिस्ती आळीतली. लाल लुगडं, नखांत माती आणि जिभेच्या टोकावर तयार शिवी. तिच्याकडं वांगी, दुधी, तोंडली. जयवंतीकडं वेलची केळी, विड्याची पानं आणि उन्हाळ्यात सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, वाळक्या पानात बांधलेली ती सुकेळी घ्यायला दादरहून लोक यायचे. गणपतीत, दिवाळीत इझाबेल उठून जयवंतीच्या ओट्यावर. नाताळात आणि गुड फ्रायडेला जयवंती उठून इझाबेलच्या ओट्यावर.

“अगो जयवंती,” इझाबेल म्हणायची, “तुझ्या देवांना सन फार. माझा एकच हाय बिचारा, आनि तुझ्यापायी मीच जास्ती राबते.”

“तुझा एकच हाय म्हनून दमतो. माझे काम वाटून घेतात.”

जयवंतीचा मुलगा जितेंद्र त्या दोन ओट्यांमधल्या बोळकांडीत वाढला. गोणपाटावर निजायचा. जयवंती गिऱ्हाइकाशी भावात गुंतली की इझाबेल त्याला आपल्या डब्यातली पेज भरवायची. इझाबेलला तेव्हा मूल नव्हतं, सेलिन फार उशिरा झाली. “ह्यो अर्धा माझा,” ती म्हणायची. जयवंती म्हणायची, “कुठला अर्धा ता सांग, म्हंजे धुवायला बरा.”

तीन वर्षांपूर्वी मंडई नवी करायचं ठरलं. त्यासाठी एक समिती झाली, सभा झाली, आणि सभेत कुणीतरी म्हणालं, मंडई हा आपला वारसा आहे. फुलं विकणारी हंसा, जयवंतीच्या आळीतली, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती मागून ओरडली, “वारसा? का, मेला कोन?” बायका हसल्या. कोण मरायचं होतं ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

कुठला ओटा कुणाचा हे टिपायला समितीची दोन पोरं आली, ती नेमकी गुड फ्रायडेला. गर्दी कमी असते म्हणून. जयवंती रीतीप्रमाणं इझाबेलच्या ओट्यावर बसलेली. शेजारी तिच्या स्वतःच्या ओट्यावर पालथी पाटी.

“मावशी, हा ओटा तुमचा?”

“नाय रे बाबा. ह्यो इझाबेलचा. ती आज देवळात गेलीय.”

“मग तुमचा कुठला?”

“त्यो बाजूचा. पाटी घातलीय तो.”

“पण तिथे तर कोणीच बसलेलं नाहीये.”

“मी हितं बसलीय तर तिथं कशी बसंन? मला काय दोन बुडं हायत?”

पोरं हसली, तीही हसली. पोरांनी मोबाइलवर दोन्ही ओट्यांचे फोटो काढले. इझाबेलचा ओटा चालू. बाजूचा ओटा रिकामा. ‘हा माझाच’ एवढं म्हणाली असती तरी निदान एक ओटा तिच्या नावावर लागला असता. पण दुसरीच्या जागेवर बसून ‘माझी’ म्हणायचं, हे त्या मंडईतल्या कुठल्याच बाईच्या तोंडून निघालं नसतं. खरं बोलून तिनं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि लागलंसुद्धा तिला ते पावसाळ्यात, जेव्हा ओटे लावून दिले आणि तिचं नाव कुठं आलं नाही तेव्हा.

ती समितीच्या हापिसात गेली. तिथला अध्यक्ष म्हातारा होता, मंडईची रीत जाणत होता. म्हणाला, “बाई, ओट्याचा तंटा आपल्याकडं शेजारणीच्या शब्दावर सुटतो. इझाबेलनं येऊन सांगावं, बाजूचा जयवंतीचा. मी लावून देतो.”

जयवंती हसतच बाहेर आली. इझाबेलच्या शब्दाची कसली काळजी? दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेली, तिला आत पाठवलं आणि आपण समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहिली. दोन चहा सांगून ठेवले. इझाबेलला बराच वेळ लागला. चहावर साय धरली. शेवटी ती बाहेर आली ती डोक्यावर पदर ओढून, खाली बघत.

“नाय जमला गो, जयवंती.”

“म्हंजे? काय नाय जमला? शब्द बोलायचा होता, डोंगर उचलायचा नव्हता.”

इझाबेल थांबली नाही. चालत राहिली. महिन्याभरात कळलं की बाजूचा रिकामा ओटा तिच्या लेकीला, सेलिनला मिळाला.

मग जयवंतीनं तोंड सोडलं. निर्मळच्या तळ्यापासून नाक्यापर्यंत एक घर सोडलं नाही. “इझाबेलनं माझा ओटा खाल्ला. खाल्ला आनि ढेकरसुद्धा दिला नाय.” बोलता बोलता त्यात मीठमसाला पडत गेला. इझाबेल पहिल्यापासूनच तशी, तिची आईही तशीच, तिच्या वांग्यांना कीड असायची ती झाकायला मीच होते. ऐकणाऱ्या बायका ‘हो का गो’ म्हणायच्या, चहा द्यायच्या, आणखी थोडं बोलू द्यायच्या.

त्याच वर्षी नाताळाच्या आधी इझाबेलचा नवरा इनास गेला. ख्रिस्ती आळीतल्या देवळाची मयताची घंटा वाडीत ऐकू आली. जयवंती ओटीवर वाळकी पानं निवडत बसली होती. हरेश्वर गेला तेव्हा ह्याच इनासनं त्याला खांदा दिला होता, स्मशानातून येऊन जितेंद्रला कडेवर घेऊन बसला होता. हंसा बोलवायला दारात आली. “येतेस ना गो? सगळी चालली.”

“मी कशाला येऊ? माझा ओटा मेला तेव्हा कोन आला व्हता?”

हंसानं डोक्यावर पदर घेतला. एकटीच निघून गेली. जयवंतीनं पानं निवडली, बांधली, सुकेळी नसताना नुसतीच बांधली.

ओटा गेला तसे गुडघेही गेले. जितेंद्रनं तिला एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. तो मुंबईत विम्याच्या कंपनीत, चांगल्या हुद्द्यावर. निर्मळचं घर कुलपात, वाडी दुसऱ्याला कसायला दिलेली. “आता आराम कर आई,” तो म्हणाला. संजना साताऱ्याकडची, स्वभावानं बरी. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. आराम कसा करतात ते जयवंतीला कुणी शिकवलं नव्हतं. पहाटे जाग यायची आणि करायला काही नसायचं. मग ती पलंगावर बसूनच इझाबेलला मनातल्या मनात एकेक शिवी घालायची. देवाचं नाव घ्यायच्या वेळी तेवढंच तिच्या तोंडात यायचं. आणि शेवटी दरवेळी तोच एक सवाल उरायचा. का? ओट्यासाठी? हावरी नव्हती गो ती. मग का बोलली नाही?

तेवढं एक तिला इझाबेलच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून मंडई बघायला चल म्हटल्यावर ती चटकन उठली. जितेंद्रला वाटलं, आईचा राग निवळला.

मंडईच्या दाराशी गाडी लावायला जागा होती, तीच मुळात पहिली नवलाई. आत शिरल्यावर जयवंती घटकाभर जागच्या जागी राहिली. छप्पर तेच, पण कौलांच्या खाली लाकडी तक्तपोशी आणि त्यातून लोंबणारे पिवळे दिवे. बिडाच्या खांबांना हिरवा रंग. मासळीच्या जागी कॉफी. मटणाच्या जागी कुठलंसं चिनी खाणं, लाल अक्षरात. वास कशालाच नव्हता. फरशीवर पाणी नव्हतं, सालं नव्हती, कुत्रा नव्हता. गाणं लागलं होतं, कुणी ऐकत नव्हतं.

मधल्या चौकात एक जुना ओटा जसाच्या तसा ठेवला होता. भोवती जाड दोरी, पुढं पितळी पाटी. संजनानं वाचून दाखवलं, “मंडईतील मूळ दगडी ओटा. कृपया बसू नये.”

“बसू नये?” जयवंती म्हणाली.

“जुना आहे ना आई, खराब होईल.”

“बसल्यानं?”

तिला हसू फुटलं. हसताना गुडघ्यात कळ गेली. संजनानं तिला दोरीपाशी उभं करून फोटो काढला. “छान आलाय हां. जितेंद्र, बघा.” जितेंद्रनं बघितला न बघितल्यासारखा केला. त्याची नजर उजव्या रांगेकडं जात होती आणि परत येत होती.

एका दुकानात पुठ्ठ्याच्या डब्यांतून सुकेळी विकायला होती. डब्यावर नथ घातलेल्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या हसऱ्या बाईचं चित्र. “कोन गो ही?” जयवंतीनं दुकानातल्या मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, “असंच, डिझाइन आहे.” जयवंतीनं डबा उलटा करून नाकाशी नेला आणि परत ठेवला.

“आई, आइसक्रीम खाऊया? तिकडे ताडगोळ्याचं मिळतं,” जितेंद्र म्हणाला.

“तुम्ही खा. मी उजव्या रांगेला जाऊन येते.”

“तिकडे काही नाही बघण्यासारखं. भाजीच आहे नुसती.”

“मी काय आयुष्यभर ताजमहाल बघितला?” ती म्हणाली आणि खांबाला हात लावत लावत निघाली.

दोन ओट्यांचा मिळून एक लांब कट्टा झाला होता, वर पांढरी फरशी. मधली बोळकांडी बुजवली होती. पलीकडं इझाबेल, लुगड्यावर हिरवा एप्रन बांधलेली, म्हातारी झालेली. तिच्या बाजूला सेलिन पैसे घ्यायच्या मशीनशी. इझाबेलनं जयवंतीला बघितलं आणि हातातली तोंडली परत टोपलीत पडली.

“काय गो इझाबेल, ओटा लांबला. पुरतो ना एकटीला?”

“आलीस?” इझाबेल म्हणाली. “गुडघे कसे हायत?”

“गुडघ्यांचा इचारू नको. ज्याचा बोलायचा होता ता हापिसात बोलायचा होता. तेव्हा तोंडात काय धरली व्हतीस, सुपारी?”

दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. इझाबेलनं मागच्या घडातून एक केळं तोडलं आणि कट्ट्यावर पुढं सरकवलं. “राजेळी आलीत. खाऊन बघ.”

“माझ्याच ओट्यावरना मला पाहुनचार करतेस?”

“इनास गेला तेव्हा मी तुझी वाट बघली, जयवंती. खाट उचलीपर्यंत बघली.”

“मी पन बघली व्हती. दोन चहा घेऊन.”

इझाबेल एप्रनला हात पुसायला लागली, कोरडेच हात. तोवर सेलिननं मशीन बाजूला ठेवलं. तिशीची मुलगी, आईसारखाच उभा बांधा.

“बस झालं हां मावशी. ती काही बोलत नाही म्हणून किती बोलणार तुम्ही?”

“सेलिन, गप,” इझाबेल म्हणाली.

“का गप? तीन वर्षं यांच्यासमोर गपच आहोत ना? मावशी, तुम्ही चहा घेऊन बाहेर उभ्या होतात ना, तेव्हा आत कोण बसलं होतं विचारा. तुमचा जितूदादा. मम्मीच्या आधी येऊन, मागच्या दाराने. त्याने सांगितलं समितीला, आमच्या आईला ओटा नको, ती आता बसणार नाही, मी मुलगा आहे, माझं ऐका. मुलगाच म्हणतोय म्हटल्यावर ते शेजारणीचं काय ऐकणार?”

“आणि ओटा तू घेतलास,” जयवंती म्हणाली.

“रिकामा राहिला तो. मी नसता घेतला तर कॉफीवाल्याने घेतला असता.”

जयवंती वळली. जितेंद्र दोन पावलांवर उभा होता, हातात आइसक्रीमचा कप. त्याच्या तोंडाकडं बघितल्यावर आणखी काही विचारायचं उरलं नाही, तरी तिनं विचारलं.

“जित्या?”

“आई, घरी बोलू.”

“हितं बोल. घर कुनाचा?”

“तुझे गुडघे बघितलेस? डॉक्टर काय म्हणाले होते? आणि मी तुला ‘सोड’ म्हटलं असतं तर सोडलं असतंस तू? किती वेळा म्हटलं होतं, आठव.” मग त्याचा आवाज बारीक झाला. “आमच्या साहेबांची मिसेस एकदा इथे आली होती. मीच घेऊन आलो होतो त्यांना वसई दाखवायला. तिने तुझ्याशी केळ्यांवरून हुज्जत घातली. तू तिला काहीतरी फाडकन बोललीस. ती हसून मला म्हणाली, ह्या बायका ना. मी बाजूला उभा होतो, आई. ही माझी आई आहे, एवढं मला सांगता आलं नाही. मला ते परत नको होतं.”

जयवंतीला तो दिवस आठवला. तिला वाटलं होतं, जितू पाहुण्यांसमोर कामात आहे म्हणून बोलला नाही. तिनं त्याच्या गाडीत पाठवायला एक फणी केळी बाजूला काढून ठेवली होती.

“म्हंजे लाज तुला वाटली आनि उठायचा मी.”

“तसं नाही आई...”

संजना मागे उभी होती. “तुम्ही मला हे कधीच सांगितलं नाहीत,” ती म्हणाली. जितेंद्रनं तिच्याकडं बघितलं नाही. आइसक्रीम पाघळून त्याच्या बोटांवर आलं होतं.

जयवंती परत कट्ट्याकडं वळली. “आनि तू गो?”

“पोर रडत होता,” इझाबेल म्हणाली. “मागच्या दारानं बाहेर घेऊन गेला मला, पायांवर डोका ठेवला. मावशी, आईला सांगू नका, तिला कळला तर ती जन्मात माझ्या दारात पाय ठेवनार नाय. मला वाटला, तुझा म्हातारपन तरी नातवंडांत जाईल. आनि शिव्या काय, मला दिल्यास म्हनून भोका पडनार हायत?”

“भोका तुला पडली नाय. ती मला पडली.”

“मी तुझ्या बऱ्यासाठीच गो...”

“तो पन तेच म्हनतो.” जयवंतीचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “दोघांनी बसून ठरवलात. मी बाहेर चहा घेऊन उभी. मी तुझ्याकडं एक शब्द मागितला व्हता, इझाबेल. दया नव्हती मागितली. माझा शब्द तू माझ्या पोराला देऊन टाकलास, मला न इचारता. आनि मी तुझ्या नवऱ्याच्या मयताला आले नाय. ता कोन परत आनून देनार? तू देतेस का ह्यो देतो?”

इझाबेल रडायला लागली. मोठ्यानं नाही. भाजी बघायला आलेली एक बाई दुधी ठेवून हळूच दुसरीकडं गेली.

“ये आत,” इझाबेल म्हणाली. “अर्ध्यावर बस. कोन काय बोलतो बघते मी.”

सेलिन मशीनवरचं बटण उगाचच दाबत राहिली. अर्धा कट्टा तिच्या नावावर होता. तिनं ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही. जयवंतीनं ते बघितलं. तिला राग आला नाही. पोरीनं कर्ज काढलं असेल, पोरीलाही घर असेल. आणि समजा, बसली. काय विकणार होती? वाडी दुसऱ्याच्या हातात, गुडघे गेलेले, आणि घसा तीन वर्षं एकाच बाईला शिव्या घालून बसलेला.

“नको,” ती म्हणाली. “बस तू.”

गाडीत ती मागं बसली. जितेंद्रनं दोनदा आरशात बघितलं. गाडी बाजारातून बाहेर पडली, नाका गेला, रस्त्याकडेला पाट्या मांडून बसलेल्या बायका गेल्या. जयवंतीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. निर्मळमध्ये तिनं एक घर सोडलं नव्हतं. घरोघर जाऊन इझाबेलच्या नावाला काळं फासलं होतं. आता ते पुसायचं तर तेच फडकं जितेंद्रच्या नावावरून फिरवावं लागणार होतं. मधली वाट नव्हती. आईनं मुलाला झाकावं, हे तर इझाबेलनंसुद्धा केलं होतं, त्याची आई नसूनही.

“संजना, हंसाला फोन लावून दे.”

“आत्ता?”

“लाव.”

संजनानं लावून दिला. जयवंतीला फोन कानाशी धरून ऐकू येत नाही, म्हणून तिचा फोन नेहमी स्पीकरवर. पलीकडं हंसाच्या घरातली टीव्हीवरची मालिका आधी ऐकू आली, मग हंसा.

“बोल गो! मंडई बघलीस? सेलिनचा दुकान बघलंस?”

“हंसा, आयक. मी बोलते ता नीट आयक, आनि उद्या आळीत सांग. इझाबेलनं माझा ओटा नाय खाल्ला. माझ्या जित्यानं घालवला. हापिसात जाऊन तो नको बोलला. जयवंती स्वतः बोलली म्हनून सांग.”

जितेंद्रनं ब्रेक दाबला तो ह्यामुळंच असं वाटलं, पण समोर रिक्षा होती. संजना खिडकीबाहेर बघायला लागली. पलीकडं मालिकेतली बाई कुणालातरी घराबाहेर काढत होती. हंसानं आवाज कमी केला.

“अगो, ता ठाऊक हाय आमाला.”

“काय ठाऊक हाय?”

“ह्याच. इनासच्या मयताला सेलिन बोलली ना सगळ्यांसमोर. तुझ्या नावानं बोंब मारली तिनं, खाटेपाशी. आख्ख्या निर्मळला ठाऊक हाय.”

“मग मला का नाय कोनी सांगितला?”

“तुला कोन सांगनार?” हंसा म्हणाली. वाईट नव्हता तिचा आवाज, उलट मऊ होता, आजाऱ्याशी बोलतात तसा. “ओटा तर गेलाच व्हता तुझा. म्हटला, पोरगा तरी राहू दे तिला. आनि तू बोलायचीस पन इतकी रंगून गो, मधीच तोडवत नव्हता.” मग थोडं थांबून, “बरा, ता जाऊ दे. तुझ्या वाडीत तो कसनारा घड कच्चेच तोडतो, कळला का तुला? बघायला हवा कोनीतरी. ...जयवंती? आयकू येतंय ना?”

जयवंतीनं फोन मांडीवर ठेवला. हंसा आणखी थोडा वेळ हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी संजनानंच हात मागं करून तो बंद केला.

पूल चढून गाडी पूर्वेला उतरली. उंच इमारतींचे दिवे लागले होते. एव्हरशाईनच्या कमानीच्या अलीकडं सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा जितेंद्रनं घसा साफ केला.

“आई, गरम होतंय का? एसी वाढवू?”

“इचारायची सवय तुला कधीपासना लागली?” जयवंती म्हणाली.

सिग्नल सुटला. थोडं पुढं गेल्यावर त्यानं एसी वाढवला.